हरणांच्या शिकारीची मर्यादा प्रदेशागणिक वेगळी का?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. पेनसिल्व्हेनियात ही जबाबदारी तेथील गेम कमिशनकडे असून, त्यासाठी राज्याची अनेक वन्यजीव व्यवस्थापन विभागांत विभागणी करण्यात आली आहे.

शिकाऱ्याला वर्षाला शिंगे असलेला एकच नर मारता येतो. बिनशिंगी हरणांसाठीच्या परवान्यांची संख्या मात्र विभागनिहाय दरवर्षी निश्चित होते. एक नर अनेक माद्यांशी समागम करत असल्याने नर घटले तरी पैदास फारशी थांबत नाही. एकूण संख्या ठरते ती माद्यांवर.

हरणे वाढली की कोवळी रोपे खाल्ली जाऊन जंगलाची नैसर्गिक वाढ खुंटते, पिकांचे नुकसान आणि रस्ते अपघातही वाढतात. परवाने वाढवले, तर हरणे दिसेनाशी झाल्याची शिकाऱ्यांची तक्रार असते. त्यामुळे सरसकट एकच मर्यादा न्याय्य ठरत नाही.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणांच्या शिकारीस मनाई आहे. मात्र, केंद्र सरकार काही वन्यप्राण्यांना ठरावीक प्रदेश आणि मुदतीपुरते उपद्रवी घोषित करू शकते. बिहारच्या काही जिल्ह्यांत २०१५ मध्ये नीलगायीबाबत असा निर्णय झाला होता.