भिंतीला पाठ, रक्तदाबाला उतार

भोसरी-चाकण पट्ट्यातील आपल्या व्यापारी बंधूंचा दिवस बैठकीतच सरतो. सकाळी चिंचवड-निगडीहून निघायचे, नाशिक फाट्यापुढील कोंडीत गाडीतच बसून राहायचे, मग दिवसभर बिले, जीएसटी आणि उधारीचे फोन. चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी घर गाठण्याची घाई. ‘रोज चाला’ हा डॉक्टरांचा सल्ला खरा, पण तो अमलात येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. आपल्या घरोघरीचे पापड, लोणचे आणि फरसाण पाहता आपण या आकड्याबाहेर असू, असे समजण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने २७० प्रयोगांचा एकत्रित आढावा छापला. त्यात सुमारे १५,८०० व्यक्तींची नोंद होती. चालणे-धावणे यांसारख्या व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी साडेचार मिलिमीटरने उतरला. आयसोमेट्रिक, म्हणजे सांधा न हलवता स्नायू ताणून धरण्याच्या व्यायामाने मात्र सव्वाआठ मिलिमीटरने. खालचा दाबही चार मिलिमीटरने कमी झाला. या दुसऱ्या प्रकारचे प्रयोग तुलनेने थोडे होते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून चालणे सोडू नये. हृदयाला आणि साखरेला त्याचे लाभ निराळे आहेत.

यांतील सर्वांत सोपा प्रकार भिंतीचा. पाठ भिंतीला टेकवून, पावले दीड-दोन फूट पुढे ठेवून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे खाली सरकायचे आणि दोन मिनिटे स्थिर राहायचे. मग दोन मिनिटे विश्रांती. असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. हिशेब आपणच करावा : एका दिवसाची १४ मिनिटे, आठवड्याची ४२. एका सामायिकाच्या ४८ मिनिटांहूनही कमी. प्रारंभी पुष्कळांना पूर्ण दोन मिनिटे जमत नाहीत. फारसे खाली न जाता अर्ध्या मिनिटापासून आरंभ करावा. गुडघे दुखत असतील तर हाताची मूठ आवळण्याचे उपकरण वापरावे. तेही पूर्ण ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शानेच दोन मिनिटे दाबून धरायचे.

दाब उतरतो कसा? ताणलेला स्नायू आतील रक्तवाहिन्यांना आवळतो. ताण सुटताच तेथे रक्ताचा लोंढा येतो आणि वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवून त्या रुंदावतात. काही आठवड्यांच्या सरावाने त्यांचा हा लवचिकपणा वाढतो, असे मानले जाते.

उभे राहून निश्चल होणे आपल्याला नवे नाही. श्रवणबेळगोळचे ५७ फुटी गोमटेश्वर आणि कुंभोजचे बाहुबली कायोत्सर्गातच उभे आहेत. तरीही दोहोंची गल्लत करू नये. कायोत्सर्गात देहाची ममता सोडायची, तर येथे मांड्यांना हेतुपूर्वक ताण द्यायचा. आराधनेला रक्तदाबाच्या आकड्यांनी मोजणे मला तरी रुचत नाही.

एक धोका मात्र मोठा आहे. ताण धरलेला असताना रक्तदाब तेवढ्यापुरता वाढतो, आणि दातओठ खाऊन श्वास रोखला तर फारच वाढतो. श्वास चालू ठेवावा. मनातल्या मनात न म्हणता ओठ हलवून नवकार म्हटला तर तो आपोआप चालू राहतो. रक्तदाब १८०/११० च्या घरात असेल, हृदयविकार असेल किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भिंतीकडे वळूच नये. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, कमीही करू नयेत. चौविहारामुळे रात्रीची गोळी चुकत असेल तर तिची वेळ दिवसा बदलता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. पुष्कळदा बदलता येते. पर्युषणातील उपवासांत हा व्यायाम बंद ठेवावा आणि पारण्यानंतर, शक्ती आल्यावर, पुन्हा अर्ध्या मिनिटापासून धरावा.