अंगठी काढा, मगच मैदानात या!

कोरमंगला हा बंगळूरचा तरुणाईने गजबजलेला भाग. १९९७ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा कर्नाटकात भरल्या, तेव्हा खेळाडूंच्या मुक्कामासाठी इथेच क्रीडाग्राम बांधण्यात आले होते. स्पर्धा संपल्या, खेळाडू गेले आणि त्या इमारतींत कुटुंबे राहायला आली. पाठोपाठ आजूबाजूला संगणक कंपन्यांतली नोकरदार मुले-मुली आली. त्यांत पुण्या-कोल्हापूरची आहेत, बेळगाव-निपाणीचीही आहेत. दिवसभर पडद्यापुढे बसून आखडलेले अंग मोकळे करायला ही मंडळी रात्री 'टर्फ'वर जमतात. टर्फ म्हणजे तासाच्या भाड्याने मिळणारे, खोट्या हिरवळीचे छोटे मैदान. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, वर दिव्यांचा झगझगाट आणि चेंडू रस्त्यावर जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी जाळी.

अंगात बड्या परदेशी क्लबांचे टी-शर्ट, पायात महागडे बूट. पण बोटातली साखरपुड्याची अंगठी, हातातले कडे, गळ्यातली साखळी आणि पावले मोजणारे घड्याळ मात्र जागच्या जागी! तपासणार कोण? पैसे भरले की तासभर मैदान आपले. रेफरी नावाचा माणूस तिथे नसतोच.

त्या जाळीची आणि त्या अंगठीची गाठ पडली तर काय होते, हे स्वित्झर्लंडच्या पाउलो दिओगो या फुटबॉलपटूला विचारावे. ५ डिसेंबर २००४ रोजी सर्व्हेट क्लबकडून तो शाफहाउझेनविरुद्ध खेळत होता. सामना संपायला थोडी मिनिटे उरली असताना त्याच्या पासवर सहकाऱ्याने गोल केला. आनंदाच्या भरात दिओगो प्रेक्षकांपुढच्या कुंपणावर चढला आणि तिथून त्याने खाली उडी मारली. नुकतेच लग्न झालेले, बोटात लग्नाची अंगठी. ती कुंपणात अडकली. दिओगो खाली आला, बोटाचा पुढचा भाग वरच राहिला. काय झाले हे त्याला क्षणभर कळलेही नाही. कर्मचारी बोटाचा तुकडा शोधत असताना रेफरीने मात्र नियमाप्रमाणे, अति जल्लोष केला म्हणून त्याला पिवळे कार्ड दाखवले! तुकडा सापडला, पण तो पुन्हा जोडणे डॉक्टरांना शक्य झाले नाही. त्याच्या संघाने तो सामना ४-१ असा जिंकला होता.

अंगठीने होणारी ही जखम साध्या कापण्यासारखी नसते. साऱ्या शरीराचा भार एका बोटावर, तोही धातूच्या अरुंद कड्यावर येतो. हातमोजा ओढून काढावा तशी कातडी सोलली जाते, सोबत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू ताणून तुटतात. सुरीने कापलेली रक्तवाहिनी एका जागी तुटलेली असते, तिची दोन टोके शिवता येतात. ओढून तुटलेली वाहिनी लांबवर आतून फाटलेली असते. म्हणून असे बोट वाचवणे निष्णात शल्यचिकित्सकालाही जड जाते. त्यासाठी फुटबॉलच खेळायला हवा असेही नाही. फाटकावरून उडी मारताना किंवा टेम्पोतून उतरतानाही हेच घडते. मैदानावर धावपळ, ढकलाढकल आणि जाळी एकत्र येतात एवढेच.

कानातल्यांची तऱ्हा वेगळी. डोक्याने चेंडू मारताना चेंडू कानावर आदळला, तर कुडीची मागची दांडी कानामागच्या कातडीत घुसते. बाळी किंवा रिंग प्रतिस्पर्ध्याच्या शर्टात अडकली तर कानाची पाळी फाटते. कड्याचा तडाखा दुसऱ्याच्या भुवईवर बसतो. गळ्यातली साखळी ओढली जाते ती शर्टाबरोबर. 'माझा दागिना, माझी जबाबदारी' हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो तो यामुळेच. दागिना एकाचा आणि टाके दुसऱ्याला, असे सहज होऊ शकते.

म्हणून फुटबॉलच्या नियमांत याला जागाच ठेवलेली नाही. हे नियम ठरवणारे मंडळ १८८६ सालचे. १७ नियमांपैकी चौथा नियम खेळाडूंच्या पोशाखाचा. २०१६ साली सगळे नियम नव्या, सोप्या भाषेत लिहून काढण्यात आले, तेव्हा त्यात स्पष्ट म्हटले गेले की हार, अंगठ्या, कडी, कर्णभूषणे, चामड्याचे पट्टे, इतकेच काय रबराचे पट्टेसुद्धा निषिद्ध, ते काढलेच पाहिजेत. वरून चिकटपट्टी लावून झाकणेही चालणार नाही. सामन्याआधी प्रत्येक खेळाडूची आणि मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक बदली खेळाडूची तपासणी व्हायला हवी. कोणी दागिना काढायला तयार नसेल किंवा तो निघतच नसेल, तर खेळ थांबताच त्याने बाहेर जायचे. साफ नकार दिला किंवा काढलेला दागिना पुन्हा चढवला, तर पिवळे कार्ड. नियम रेफरीलाही सुटलेला नाही. शिट्टी वाजवणाऱ्यानेही घड्याळाखेरीज अंगावर काही मिरवायचे नाही! नियमपुस्तक दर हंगामाला नव्याने निघते, बारीकसारीक बदल होत राहतात. शाळेने किंवा मंडळाने चालू वर्षाची प्रत जवळ ठेवलेली बरी.

कागदावर एवढी चोख व्यवस्था असूनही नजरचूक होते. कतारच्या विश्वचषकात ४ डिसेंबर २०२२ रोजी फ्रान्स-पोलंड सामना होता. फ्रान्सचा बचावपटू ज्यूल कुंदे गळ्यात सोन्याची साखळी घालून तब्बल ४० मिनिटे खेळला. रेफरी, चौथा पंच, सहायक, असंख्य कॅमेरे, कोणाच्या लक्षात आले नाही. आले तेव्हा सामना थांबला आणि संघाच्या फिजिओला सीमारेषेवर ती साखळी सोडवत बसावे लागले. प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी नंतर सांगितले की ही त्याची श्रद्धेची बाब असावी, पण सामन्यातच काय, सरावातही हे चालत नाही. तो मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होता हे त्याचे नशीब, असेही ते म्हणाले.

श्रद्धा! खरी अडचण तिथेच आहे. पॅरिसच्या मुलाची ही गत, तर आपल्याकडचे काय सांगावे? आपल्या घरांत दागिना हा निव्वळ नटण्यासाठी नसतो. मनगटातला गंडा आजीने देवापुढे ठेवून बांधलेला असतो. काळा दोरा दृष्ट लागू नये म्हणून, राखी बहिणीची, कडे गुरूंचे, मंगळसूत्र तर सौभाग्याचेच. विवाहित खेळाडूची जोडवी बुटाच्या आत लपतात, रेफरीला दिसतही नाहीत, पण घट्ट बुटात धावताना ती तिच्याच बोटांना काचतात. अशा वेळी 'काढा' म्हणणारा रेफरी कोण असतो? बहुतेक वेळा विशी-बाविशीतला, रविवारी सकाळी लागोपाठ तीन-चार सामने सांभाळणारा मुलगा. समोर त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा खेळाडू, बाजूला आरडाओरडा करणारे पालक. 'मागच्या सामन्यात चाललं होतं की!' हे वाक्य त्याला हमखास ऐकावे लागते. आणि बहुधा ते खरे असते! आदल्या रेफरीने दाखवलेला चांगुलपणा पुढच्या रेफरीला महागात पडतो.

कोल्हापूरसारख्या गावात तर हा दबाव आणखी जबर. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की सारे पेठकरी गॅलरीत असतात. नावाजलेल्या खेळाडूला हजारो चाहत्यांदेखत गळ्यातले काढायला लावायचे म्हणजे छातीच हवी. म्हणून सगळे सांगतात की हा वाद मैदानात नको, तो खोलीतच मिटवावा. दोन्ही संघांच्या कप्तानांना आधी बोलावून एकच नियम सर्वांना सांगितला, तर कोणाचा अपमान होत नाही.

श्रद्धेपुढे फुटबॉलने कधीच नमते घेतले नाही असे नाही. जून २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला डोके आणि मान झाकणाऱ्या वस्त्रामुळे जॉर्डनमध्ये ऑलिंपिक पात्रता सामना सोडावा लागला होता. २०१३ साली कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शीख मुलांच्या पगडीवरून मोठे वादळ उठले. शेवटी २०१४ च्या मार्चमध्ये डोके झाकण्याला रीतसर परवानगी मिळाली. धोका नसलेले, अंगाबरोबर बसणारे आणि न अडकणारे कापड असावे अशा अटी घालून. कापडाचा आकार बदलता आला, टाचण्या काढता आल्या. अंगठीचे तसे कुठे करता येते? अमेरिकेतल्या शालेय सामन्यांत मात्र एक समंजस वाट काढलेली आढळते. मधुमेह किंवा ॲलर्जीची माहिती कोरलेले कडे, मजकूर दिसेल अशा बेताने, चिकटपट्टीने अंगाला बसवून खेळता येते. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांनीही याचा विचार करायला हरकत नाही.

सवय मोडत नाही म्हणावे, तर बंगळूरचेच एक उदाहरण आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सविरुद्ध भारताचा गोल करणारे सारंगपाणी रामन याच भागातले, संघातले अहमद खान तर बंगळूरचेच. अनवाणी खेळणे हा त्या पिढीचा अभिमान होता. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ल्यावर भारतीय महासंघाने बूट सक्तीचे केले. कुरकुर झाली असेलच, पण दहा वर्षांत, १९६२ साली, बूट घातलेल्या त्याच भारताने जकार्त्यात आशियाई सुवर्णपदक जिंकले.

कोरमंगलाच्या टर्फवर रेफरी आणणे कोणाला परवडणार नाही. पण खिळ्यांचे बूट घालू नयेत, मैदानात खाऊ नये, अशा पाट्या टर्फवर असतातच, कारण खिळ्यांनी हिरवळ खराब होते. त्यात बोटांसाठी आणखी एक ओळ घालायला आणि किल्ली लावता येईल असे चार कप्पे ठेवायला मालकाला फारसा खर्च नाही. कारण पुष्कळांची अडचण श्रद्धेची नसतेच. काढलेले सोने ठेवायचे कुठे, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. सगळ्यात चांगले म्हणजे ते घरीच ठेवून निघणे.

मुलगी शाळेच्या संघात असेल तर आईने थोडा हिशेब करावा. बारशाच्या सुमारास टोचलेले कान तास-दोन तास मोकळे राहिले म्हणून बुजत नाहीत. पण नवे टोचलेले कान सहा आठवडे तरी हलवू नयेत, नाक त्याहून जास्त दिवस घेते. चमकी हवीच असेल तर सोनाराकडे हंगाम संपल्यावर जावे, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. कित्येक मुलींना पहिल्याच सामन्यात बाकावर बसावे लागते ते एवढ्याशा गोष्टीपायी. गंडा किंवा दोरा सोडण्याची गोष्टही घरच्या वडीलधाऱ्यांनी आधीच सांगितलेली असली, तर पोर मैदानात रडकुंडीला येत नाही.

अंगठी घट्ट झाली असेल तर ओढाताण करू नये. हात दोन-चार मिनिटे डोक्यावर धरावा, गार पाण्यात बुडवावा, मग साबण किंवा तेल लावून फिरवत काढावी. तरीही निघाली नाही आणि बोट सुजले, तर दवाखान्यात किंवा सोनाराकडे ती कापून घ्यावी. सोने पुन्हा जोडता येते.

आणि अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये, त्याने पेशी मरतात. जवळच्या छोट्या दवाखान्यात वेळ न दवडता, जिथे प्लॅस्टिक सर्जन आहे अशा मोठ्या रुग्णालयात आधी फोन करून जावे.