झोळी : दोन गाठींचा आधार

बंगळूरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एखादी नवी शेड उभी राहू लागली की तिच्या आडोशाला दोन खांबांना बांधलेली जुनी साडी दिसते. आत तान्हे मूल निजलेले असते आणि घमेले घेऊन जाता-येता त्याची आई झोळीला हलकासा झोका देते. मराठी माणसास हे दृश्य परके नाही. ऊसतोडीच्या फडावर बाभळीच्या फांदीला हीच झोळी टांगलेली असते. मराठीतील ‘झोळी’ आणि कन्नडमधील ‘जोळिगे’ हे शब्द तर ऐकताक्षणीच जवळचे वाटतात.

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात माया लोकांच्या घरी मात्र लहानथोर सारेच अशा टांगत्या शय्येवर झोपतात. घर बांधतानाच भिंतींत तिच्यासाठी आकडे बसवले जातात. माया संस्कृतीच्या वैभवकाळात ही शय्या होती, असा पुरावा मिळत नाही. ती कॅरिबियन बेटांवरून नंतर आली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘हामाका’ हा मूळ शब्दही त्या बेटांवरील ताईनो लोकांचा. कोलंबसाने १४९२ मध्ये ती तेथेच पाहिली. युकातानात घायपाताच्या जातीतील हेनेकेन या वनस्पतीच्या वाखापासून ती विणली जाई; पुढे सूत व नायलॉन आले. दोन उभ्या दांड्यांवर हाताने विणलेल्या या जाळीत तिरके झोपायचे असते, म्हणजे पाठ सरळ राहते. खालून वारा खेळतो आणि जमिनीवरच्या किड्यामुंग्यांपासूनही बचाव होतो.

आपल्याकडे बारशाला सजवलेला लाकडी पाळणा असतो. झोळी ही ज्याला तो परवडत नाही किंवा सोबत नेता येत नाही त्याची. गडचिरोली, मेळघाटच्या रस्ता नसलेल्या पाड्यांवर तर अडलेल्या गरोदर स्त्रीला बांबूला बांधलेल्या झोळीतून दवाखान्यात नेण्याची वेळ येते. तेथे झोळीचे कौतुक करवत नाही.

पीण्यातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात. कारखान्यांतील पाळणाघराची तरतूद १९४८ च्या कायद्यातच होती. बांधकामांसाठी १९९६ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्री-कामगार असल्यास पाळणाघर बंधनकारक केले. २०२० च्या संहितेत ही गणना स्त्री-पुरुष मिळून ५० हून अधिक कामगार अशी झाली. लहान शेडच्या कामावर पाच-सातच मजूर असतात. तेथे साडीच बांधावी लागते.