मेंदूला रोज थोडे नवे काम

भोपाळच्या मिसरोद भागातल्या नव्या वसाहतींत निवृत्तीनंतर राहायला आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, ‘स्मृतिभ्रंश टाळायला सुडोकू सोडवू का?’ जरूर सोडवा, पण सुरुवात तिथून करू नका.

आधी कान, डोळे, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे १४ धोके मोजले आहेत. ते सगळे दूर झाले, तर जगातले जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. बहिरेपण त्यातलेच. नीट ऐकू येईना की माणूस गप्पा टाळतो, एकटा पडतो. श्रवणयंत्र आणूनही ते कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत. ते रोज लावा.

मग मेंदूच्या कामाकडे वळा. नवे शिकताना मेंदूतील पेशींचे आपसांतले जोड वाढतात. त्यातून येणाऱ्या जादा क्षमतेला बौद्धिक राखीव साठा म्हणतात. आजाराने काही जोड निकामी झाले, तरी उरलेले काम रेटतात. आजार थांबत नाही, लक्षणे उशिरा दिसतात.

असा फायदा भाषांमुळेही मिळत असावा. हैदराबादला स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांतसुद्धा. सगळ्याच अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही. तरी भोपाळमध्ये घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्यांनी नातवंडांशी मराठी सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

कोड्यांच्या बाबतीत मात्र एक गफलत होते. तेच कोडे वर्षानुवर्षे सोडवले की हात बसतो आणि मेंदूला कष्ट उरत नाहीत. थोडे अवघड वाटेल असे काही निवडा: पेटी, ब्रिज, किंवा जुन्या कागदांवरची मोडी लिपी. शक्यतो चारचौघांत शिका. सोबत रोज भरभर चाला. ते कोड्यांपेक्षा कमी मोलाचे नाही.

घरच्यांनीही ‘बाबा, तुम्ही बसा’ म्हणत भाजी, वीजबिल, हिशेब काढून घेऊ नये. प्रेमापोटी केलेले हे मोठे नुकसान आहे.

ओळखीच्या रस्त्यावर चुकणे किंवा तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे सुरू झाले, तर ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडच्या बिघाडानेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. साकेतनगरचे एम्स मिसरोदहून जवळच आहे. वेळेवर दाखवून घ्या.