दादीची ओवी आणि गल्लीतली वाकळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी दखनी बोलतात. चहा मागायचा दखनीत आणि भांडायचंही दखनीत. पण पहाटे दादी जात्यावर बसली, की तिच्या तोंडून मराठी ओवीच यायची. त्यातली एक तिच्या भावाची होती. १९१८ च्या मानमोडीत तो गेला, तेव्हा दादी सात-आठ वर्षांची होती. साठ वर्षांनंतरही ती ओवी म्हणताना जात्याची गती जराशी मंदावायची, एवढं मला आठवतं.

मानमोडी हे आपल्याकडचं नाव, जगानं तिला स्पॅनिश फ्लू म्हटलं. १९१८ च्या जूनमध्ये ती मुंबईत आली आणि पावसाळा सरता सरता खेड्यापाड्यांत पसरली. देशात किमान सव्वा कोटी माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढं मरण होऊन गेलं, पण आमच्या शिरोळमध्ये त्याची खूण म्हणून एक दगडसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. आमच्या घरी ते टिकलं ते फक्त ओवीत.

ते कसं टिकलं, हे समजायला जातं कसं चालतं ते पाहावं लागेल. दोघी समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्याही हातात असतो. एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं ती पुरी करायची. दादीनं भावाचं नाव घेतलं, की शेजारीण त्याच जागी आपल्या दिराचं नाव घालायची. चाल तीच, माणूस वेगळा. आम्ही कवी मंडळी दोन ओळी लिहिल्या तरी खाली नाव घालतो. तिथं सहीला जागाच नव्हती, म्हणून ज्याचं त्याचं दुःख त्यात मावत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात अशा ओव्या गोळा करायला घेतल्या. हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या. नाहीतर पिठाच्या गिरणीबरोबर त्याही गेल्या असत्या.

आमच्यावर वेळ आली २०२० मध्ये, तेव्हा जातंही नव्हतं आणि समोरासमोर बसायची सोयही नव्हती. मे २०२१ मध्ये माझे थोरले भाऊ, भाईजान, गेले. दफनाला मोजकी माणसं होतो, तीही लांब उभी. जियारत फोनवर उरकली. शेजारच्या घरी दहावं-तेरावंही तसंच झालं. मोबाईलवर येणारे शब्द सगळ्यांना सारखेच, जोडलेले हातही सारखेच. मी कवी म्हणवतो, पण भाईजानवर मला एक ओळ लिहिता आली नाही.

जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला, गल्लीत पाणी शिरलं आणि आम्ही शाळेत राहायला गेलो. तोंडावरचे मास्क हनुवटीवर आले. साथ संपली नव्हती, भीती होतीच, पण रात्री बायका पहिल्यांदा एकमेकींजवळ बसून बोलल्या. कोण कसं गेलं, शेवटचं काय म्हणालं.

घरी परतलो तर अंथरूण-पांघरूण सगळं चिखलात. थंडीच्या आधी काहीतरी शिवणं भाग होतं, म्हणून वाकळ घ्यायचं ठरलं. वाकळेचं कामही जात्यासारखंच, चौघी चार कडांना बसतात आणि टाके घालत आत येतात. कुणीतरी म्हणालं, गेलेल्यांचा एकेक कपडा लावूया. तिथं अडलं. कारण त्या उन्हाळ्यात भीतीपोटी कितीतरी घरांनी कपडे जाळून टाकले होते. भाभीजवळ भाईजानची चौकड्याची लुंगी उरली होती. दोन घरं सोडून राहणाऱ्या वहिनींकडे काहीच नव्हतं. चार दिवसांनी त्या नवऱ्याच्या मोटारसायकलच्या डिकीत सापडलेला टॉवेल घेऊन आल्या. त्याला अजून पेट्रोलचा वास होता. तो धुवायचा की नाही, यावर अर्धी दुपार गेली. शेवटी न धुताच शिवला.

अमेरिकेत एड्सनं गेलेल्यांसाठी अशीच एक गोधडी झाली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी ती वॉशिंग्टनच्या मैदानावर पसरली, तेव्हा तिचे १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे कबरीएवढा. हे मी बायकांना सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग त्यांनी ती पांघरली कधी?" आमची वाकळ भिंतीवर लावा, लोक बघतील, असं एका पाहुण्यानं सुचवलं होतं, त्यालाही त्यांचं उत्तर हेच होतं.

वाकळ घरोघरी फिरते. कुणाकडे आजारी माणूस असेल, बाळंतीण असेल, तिथं ती जाते. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे होती. लुंगीच्या तुकड्याचे टाके उसवले होते. भाभी सुई घेऊन बसली आणि ही लुंगी जयसिंगपूरच्या बाजारात किती घासाघीस करून घेतली होती, ते सांगू लागली. तिला आता जवळचं दिसत नाही. दोरा भाईजानच्या नातीनं ओवून दिला.