टोलमनचे उंदीर आणि पडद्यावरची खूण

‘मुलगा तासन्‌तास रोल-प्लेइंग गेम खेळतो, तरी त्यातल्या एका गावाचाही रस्ता त्याला सांगता येत नाही. असं का?’ एका वाचकाचा हा प्रश्न मला फार आवडला.

२००२ च्या ‘मोरोविंड’ या गेममध्ये सुरुवातीलाच एक पुडकं बालमोरा गावी कायस कोसेडीसला पोचवायचं असतं. त्याचं घर कुठे, ते गावातल्या गुत्त्यावर विचारायचं. पुढेही वाट बहुतेकदा लोकांच्या तोंडूनच कळते. २००६ मध्ये ‘मोरोविंड’ बनवणाऱ्याच बेथेस्डा कंपनीच्या ‘ऑब्लिव्हियन’ने पडद्यावरच्या होकायंत्रावर ठिकाणाची खूण दिली आणि विचारपूस संपली.

अशा आयत्या खुणेमागे चालताना मेंदूत काय होतं? लंडनचे मेंदूशास्त्रज्ञ ह्यूगो स्पायर्स आणि सहकाऱ्यांनी २४ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून लंडनमधल्या सोहोच्या गल्ल्यांच्या चित्रफितींतून वाट काढायला लावली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. स्वतः वाट शोधणारा नव्या गल्लीत शिरला की त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची हालचाल उसळे. पुढे फाटे जास्त, तर उसळीही मोठी. आयत्या सूचनांवर चालताना ती दिसली नाही. यावरून ‘गेममुळे मेंदू आक्रसतो’ असा मथळा कुणी दिला तर विश्वास ठेवू नका. त्या वेळी मेंदूनं वाट शोधण्याचं काम केलं नाही, एवढंच यातून कळतं.

या संशोधनाची मुळं एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञापर्यंत जातात. १९३० मध्ये त्यानं आणि त्याचा सहकारी हॉन्झिकनं छापलेला प्रयोग मला आजही थक्क करतो. भूलभुलैयात उंदरांच्या एका गटाला शेवटी रोज खाणं मिळे. दुसऱ्या गटाला दहा दिवस काहीच नाही. ते नुसते भटकले. अकराव्या दिवशी त्यांनाही खाणं मिळालं, आणि बाराव्या दिवशी त्यांच्या चुका पहिल्या गटाइतक्याच कमी! बक्षीस नसतानाही वाटा शिकून झाल्या होत्या. १९४८ मध्ये टोलमननं मनातल्या नकाशाची कल्पना मांडली. १९७१ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ ओकीफला हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. मेंदूतल्या अशा पेशींच्या शोधासाठी २०१४ चं नोबेल ओकीफ आणि मोझर या संशोधक दांपत्याला मिळालं, ते योग्यच. पण टोलमन १९५९ मध्येच गेला होता, आणि त्याचं नाव आपल्याकडे अजूनही फारसं घेतलं जात नाही.

मग गेममधली खूण बंद करावी? २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये केलीत तर बरेचदा अडकाल, कारण पात्रं ठिकाणाचं नाव सांगतात, वाट सांगत नाहीत. खूण आहेच, या भरवशावर ते संवाद लिहिले आहेत. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’त मात्र एक पर्याय आहे: पात्रं प्रदेश, दिशा, जवळची ठिकाणं सांगतात, शोध तुम्ही घ्यायचा. संवाद ध्वनिमुद्रित असले की हे महाग पडतं. नकाशा बदलला की वाट सांगणारी वाक्यं पुन्हा बोलून घ्यावी लागतात. तो खर्च गेम बनवणाऱ्यांनी करावाच, असा माझा आग्रह आहे.