शोकेसमध्ये काय ठेवावे?

म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांची घरे बदलली. कौलारू घर जाऊन स्लॅब आला, ओटी जाऊन हॉल आला आणि हॉलमध्ये काचेची शोकेस आली. वरच्या कप्प्यात आयतुल कुर्सीची फ्रेम. खाली कुवेतहून आणलेला पितळी घोडा, काचेचे हरीण, मुलाने क्रिकेटच्या स्पर्धेत जिंकलेली ट्रॉफी, तीवर बॅट उगारलेला खेळाडू. एके दिवशी मदरशातून आलेली मुलगी विचारते, "अम्मी, हे ठेवलेलं चालतं का?" त्यावर घरातील मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.

आधी दीन काय सांगतो ते पाहू. सहीह हदीसमध्ये येते की, ज्या घरात सजीवांच्या प्रतिमा असतात तेथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत. हजरत आयेशा (र.) यांनी घरात चित्रे असलेला पडदा लावला होता. पैगंबर मुहम्मद (स.) यांना तो आवडला नाही. तेव्हा आयेशा (र.) यांनी तो उतरवला, कापला आणि त्याच्या उशा केल्या. त्याच आयेशा (र.) यांच्याकडे लहानपणी बाहुल्या होत्या, कापडाचे पंख लावलेला एक घोडाही होता. तो पाहून पैगंबर (स.) हसले. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई आलिम इमाम नववी यांनीही हाच फरक सांगितला आहे: प्रतिमा मानाने उंच मांडलेली आहे की पायाखाली, वापरात आहे? सजीवांचे पुतळे घरात मांडण्यास बहुसंख्य उलेमांनी मनाई केली, मुलांच्या बाहुल्यांना बहुतेकांनी सूट दिली. छायाचित्रांबाबत आजही मतभेद आहेत.

म्हणजे प्रश्न मांडण्याचा आहे. शोकेस ही घरातली मानाची जागा. तिथे जे ठेवतो, ते आलेल्या पाहुण्याला आणि वाढत्या मुलाला सांगत असते की या घरात कशाची किंमत आहे.

पण यातून मुलांनी असा अर्थ घेऊ नये की शिल्पकला ही तुच्छ गोष्ट आहे. अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (1891-1967) यांचे घर आहे. त्यांचे वडील गणपतीच्या मूर्ती घडवत. मुलाच्या हातातले कसब कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ओळखले आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकण्याची वाट करून दिली. पुण्यातला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याच्या घरात आणि अंगणात त्यांची शिल्पे मांडलेली आहेत. आपल्या किनाऱ्यावरची कोळीण आहे, म्हैसही आहे. माझ्या मते आपल्या मुलांनी हे घर जरूर पाहावे. एका खेड्यातल्या मुलाने किती बारकाईने पाहिले, किती मेहनत घेतली, हे तिथे शिकायला मिळते. दुसऱ्याच्या घरातली कला आदराने पाहणे आणि आपल्या घराचा नियम पाळणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

काही जण जंजिऱ्याचा दाखला देतात. किल्ल्याच्या महाद्वाराजवळ हत्तींना पंजात धरलेल्या वाघासारख्या प्राण्याचे शिल्प आहे, आणि राज्य तर सिद्दींचे होते! खरे आहे. ते सत्तेचा दरारा सांगणारे चिन्ह होते. पण राज्यकर्त्यांनी केले म्हणून ते शरीयतचे प्रमाण होत नाही, आणि शरीयतला मान्य नाही म्हणून इतिहास पुसायचाही नसतो. शिल्प आहे तिथेच राहावे, मुलांनी ते पाहावे.

खरी अडचण भेटवस्तूंची असते. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलाने शिवजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. बक्षीस म्हणून महाराजांची छोटी मूर्ती असलेले स्मृतिचिन्ह मिळाले. दादी म्हणाल्या, हॉलमध्ये नको. मुलाचा चेहरा पडला. त्याला वाटले, आपले यशच घरात नको आहे. वडिलांनी त्याला जवळ बसवून कारण समजावले. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावले आणि स्मृतिचिन्ह मुख्याध्यापकांना भेटून शाळेच्या कपाटात आदराने ठेवायला दिले. दादींनी शेजारीपाजारी पेढे वाटले. कोणाचे मन दुखावले नाही, नियमही राहिला.

क्रिकेटच्या ट्रॉफीचे तर सोपे आहे. वरचा खेळाडू बहुधा स्क्रूने बसवलेला असतो. तो काढला तरी कप आणि नावाची पट्टी राहते.

एक गोष्ट मात्र घरात कटाक्षाने सांभाळावी. आपला जिल्हा पेणचा. हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत वर्षभर गणेशमूर्ती घडतात, आपली मुले त्या वाटेने जातात, त्या घरांतल्या मुलांशेजारी बाकावर बसतात. इतर लोक ज्यांची उपासना करतात त्यांना वाईट बोलू नका, हा कुरआनचा स्पष्ट आदेश आहे (6:108). आपल्या शोकेसचा नियम शिकवताना शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याविषयी एकही हलका शब्द मुलाच्या कानावर पडू नये.

मग शोकेस रिकामी ठेवायची का? मुळीच नाही. पोट भरण्यासाठी चित्रे काढणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (र.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला होता. त्यात केवढे जग आहे! आपले पूर्वज दर्यावर्दी. एखाद्या सुताराकडून शिडाच्या गलबताची लाकडी प्रतिकृती करून घ्या. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, मुलीने बोरूने लिहिलेली बिस्मिल्लाह, खोकरीच्या घुमटांवरील दगडी नक्षीचे मुलाने काढलेले रेखाचित्र ठेवा. अशी शोकेस पाहून पाहुणा थांबेल, विचारील, आणि उत्तर देताना मुलांना अभिमान वाटेल.

या रमजानपूर्वी घराची सफाई कराल तेव्हा शोकेसही मुलांसोबत उघडा. काय ठेवायचे, काय काढायचे आणि का, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. रागाने फेकलेली वस्तू मुलाला फक्त राग शिकवते. समजावून काढलेली वस्तू त्याला दीन शिकवते.